दाम करी काम, आणि स्वभावाला औषध नाही?

चार जणांनी मिळून करायचे कोणतेही काम रखडले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. "लोकच तसे आहेत" हे पहिले. "दंड लावा, खिशाला चाट बसली की येतील बरोबर" हे दुसरे, आणि ते बहुतेक वेळा त्याच माणसाच्या तोंडून, त्याच दमात येते. स्वभावाला औषध नाही असे आपण एकीकडे म्हणतो आणि दुसरीकडे दाम करी काम यावरही आपला पक्का विश्वास असतो. सभेत बसलेल्या कुणालाही ही विसंगती खटकत नाही, कारण दोन्ही वाक्यांमुळे सगळ्यांची सोय होते. काम कसे आखले आहे, नियम कुणी केले, काम करायला आलेल्या माणसाला इथे काय दिसते, हे प्रश्न मग विचारावेच लागत नाहीत.

मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचे आहे. पैशाने काही फरक पडत नाही किंवा सगळी माणसे स्वभावाने सारखीच असतात, असे मी म्हणणार नाही. फरक पडतो, आणि तो मोजलेलाही आहे. पण तो सरळ पडत नाही. समोरचा आपल्याशी कसा वागणार आणि इथे नेमका कसला व्यवहार चालला आहे, याचा एक अंदाज प्रत्येकाच्या मनात असतो. पैसा आणि स्वभाव आधी या अंदाजाला हात घालतात, आणि मग त्या अंदाजावर सहकार्य उभे राहते किंवा कोसळते. हे लक्षात न घेता केलेले नियम चांगल्या हेतूने केलेले असले तरी माणसांना एकमेकांपासून तोडतात, आणि असे होताना मी पाहिले आहे.

इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग आता बऱ्याच जणांना माहीत आहे, पण त्याचा शेवट सहसा कुणी सांगत नाही. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, शिक्षिकेला ताटकळत बसावे लागे. युरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी १० पाळणाघरांत याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांतल्या ६ ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशिरासाठी १० शेकेल दंड ठेवला. उशिरा येणारे पालक वाढले, आणि काही आठवड्यांत त्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. लोक ही गोष्ट इथवरच सांगतात. पुढे सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला गेला. प्रयोग विसाव्या आठवड्यात संपेपर्यंत उशिरा येणाऱ्यांची संख्या चढलेलीच राहिली.

दंड येण्याआधी उशिरा पोहोचणाऱ्या आईबापांच्या मनात काय असेल? एक बाई आपल्या मुलापाशी बसून आहे, तिचेही घर आहे, तिलाही कुणी वाट पाहणारे आहे. ही चुटपूट म्हणजेच तिथले सहकार्य होते. नियमात ते कुठे लिहिलेले नव्हते. दंड आला आणि ही चुटपूट पैसे देऊन मिटवता येऊ लागली. उशिराला दर ठरला, आणि तो दर परवडणारा होता. दंड गेला तेव्हा दर गेला, पण त्या बाईकडे पाहण्याची जुनी नजर परत आली नाही. "लावून तर बघू, नाही जमले तर काढून टाकू" असे जे म्हणतात त्यांनी या शेवटच्या चार आठवड्यांचा विचार करावा.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९९३ साली स्वित्झर्लंडमध्ये कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचरा साठवण्यासाठी वोल्फेनशिसेन या छोट्या गावाचा विचार चालू होता. ब्रुनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी यांनी गावकऱ्यांना विचारले, हा कचरा तुमच्या हद्दीत आलेला चालेल का? ५०.८ टक्के लोक हो म्हणाले. कचरा सुखाचा नाही हे त्यांना कळत होते. पण तो कुठेतरी ठेवावा लागणारच, आणि आपल्यावर पाळी आली तर नाही कसे म्हणायचे, असा तो होकार होता. मग विचारले, सरकारने त्यासाठी तुम्हाला दरवर्षी भरपाई दिली तर? होकार २४.६ टक्क्यांवर उतरला. रक्कम वाढवून पाहिली, तरी चित्र पालटले नाही. पहिल्या प्रश्नाने गावकऱ्यांना नागरिक म्हणून हाक मारली होती, दुसऱ्याने त्यांच्याशी सौदा मांडला. सौदा म्हटल्यावर माणूस हिशेब करतो, आणि हिशेबात अणुकचरा कुणालाच परवडत नाही.

इथेच थांबलो तर पैसा आला की माणुसकी गेली, असा सोपा निष्कर्ष हाती येईल. तो खोटा आहे. रक्ताला किंमत लावली की दानाची वृत्ती आटते, अशी भीती समाजधोरणाचे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली बोलून दाखवली होती. २००८ साली स्वीडनमधल्या गोटेनबर्गचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मोबदला देऊ केल्यावर रक्तदाता व्हायला तयार असलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले. पुरुषांत असा फरक दिसला नाही. तोच मोबदला एखाद्या सेवाकार्याला देऊन टाकण्याची मुभा ठेवली तेव्हा स्त्रियांचे प्रमाण पुन्हा पहिल्यासारखे झाले. म्हणजे टिटमस बरोबर होते? पूर्ण नाही. २०१३ साली प्रत्यक्ष रक्तदानातल्या अनुभवांचा आढावा घेतला गेला, तेव्हा देऊन पाहिलेल्या १९ प्रकारच्या भेटींपैकी आणि सवलतींपैकी १८ मुळे रक्तदाते वाढलेलेच आढळले. माझ्या मते फरक मोबदल्याच्या अर्थात आहे. रक्त दिल्यावर हातात ठेवलेली भेट आभार वाटते. देण्याआधी समोर मांडलेली रक्कम भाव वाटू शकते.

त्याहून चकित करणारा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी १७ हजारांहून अधिक 'हरवलेली' पाकिटे निरनिराळ्या कार्यालयांच्या स्वागतकक्षात नेऊन दिली. पाकीट पारदर्शक होते, आत मालकाचा पत्ता, किल्ली, सामानाची यादी, आणि काहींत थोडे पैसे. आपण सगळे म्हणू, पैसे असलेले पाकीट परत येणार नाही. अर्थतज्ज्ञांचाही अंदाज चुकला. बिनपैशाच्या पाकिटांबद्दल सुमारे ४० टक्के लोकांनी मालकाला कळवले, पैसे असलेल्यांबद्दल सुमारे ५१ टक्के. तीन देशांत आतली रक्कम सातपट केली, तेव्हा कळवणाऱ्यांचे प्रमाण ७२ टक्क्यांपर्यंत गेले. रक्कम वाढली तसे "हे ठेवले तर मी चोर ठरेन" हे माणसांना अधिक लख्ख दिसू लागले. पैशाने इथे सचोटीला धार आणली.

आणि अनोळखी माणसांमध्ये तर पैशावाचून चालतच नाही. मारिया बिगोनी, गाब्रिएले कामेरा आणि मार्को कासारी यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकमेकांना न ओळखणारी माणसे, कधी दोघेच तर कधी ३२ जणांचा गट. दर वेळी एकाने दुसऱ्याला मदत करायची की नाही हे ठरवायचे. मदतीची झळ थोडी, समोरच्याचा फायदा मोठा. गट वाढत गेला तशी निव्वळ भरवशावरची मदत घसरत गेली. मग त्यांना काहीही मोल नसलेले बिल्ले देण्याघेण्याची मुभा दिली. माणसांनी आपणहून त्या बिल्ल्यांचे पैसे बनवले: मदत केली की बिल्ला, मदत हवी तर बिल्ला. मोठ्या गटांत सहकार्य सावरले. पण छोट्या गटांत, जिथे आधी बिल्ल्यावाचूनच मदत होत होती, तिथे बिल्ला आल्यावर मदत कमी झाली. "बिल्ला नाही? मग मदत नाही."

अनोळखी गर्दीत पैसा विश्वासाची जागा भरून काढतो आणि ओळखीच्या गोतावळ्यात विश्वासाची जागा बळकावतो. म्हणून पैसा चांगला की वाईट, असा प्रश्न मला निरर्थक वाटतो. तुमचा गट कोणता आहे, तिथे आधीपासून काय चालू होते, हे आधी पाहिले पाहिजे.

जाता जाता एक सावधगिरी. पैशाचे नुसते चित्र दिसले किंवा शब्द वाचला तरी माणूस स्वार्थी होतो, असे २००६ साली एका नामांकित नियतकालिकात छापून आले आणि ते खूप गाजले. पुढे इतरांनी तसेच प्रयोग करून पाहिले तेव्हा तो परिणाम टिकला नाही. अजूनही भाषणांत ते ठासून सांगितले जाते. पैशाला इतके जादुई सामर्थ्य द्यायचे कारण नाही.

आता एक गोष्ट मला जरा तळमळीने सांगायची आहे, कारण वरच्या सगळ्या पुराव्याचा गैरवापर करणारे लोक मी जवळून पाहिले आहेत. "पैसे दिले तर तुमच्या सेवाभावाचा अपमान होईल." हे वाक्य कोण कोणाला म्हणते ते बघा. ज्याच्याकडे द्यायला असते तो, ज्याच्याकडे नसते त्याला. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी, लहान मुलांना सांभाळणारी, घरातली माणसे जपणारी बाई, शिकाऊ म्हणून महिनोन्‌महिने राबणारा तरुण, संस्थेचा सगळा पत्रव्यवहार विनामूल्य करणारी कार्यकर्ती, यांच्या पदरात सेवाभाव पडतो, आणि निर्णय घेणारे मात्र आपले मानधन न चुकता घेतात. मोबदल्याने आतली ऊर्मी मरते या संशोधनाचा अर्थ श्रम फुकट घ्यावेत असा अजिबात होत नाही. माझी कसोटी साधी आहे. ती व्यक्ती उद्या आलीच नाही, तर तिच्या जागी पगार देऊन कुणाला तरी ठेवावे लागेल का? ठेवावे लागणार असेल तर ते काम आहे, आणि कामाचे पूर्ण दाम द्यायला हवे.

'पूर्ण' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नीझी आणि रुस्तिकिनी यांनीच शाळकरी मुलांना घरोघर निधी गोळा करायला पाठवले होते. एका गटाला काही नाही, एकाला जमलेल्या रकमेचा १ टक्का, एकाला १० टक्के. सर्वांत जास्त निधी काहीच न मिळणाऱ्यांनी आणला, त्याखालोखाल १० टक्केवाल्यांनी, आणि सर्वांत कमी १ टक्केवाल्यांनी. कवडीमोल मोबदला हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्याने सेवेचे समाधानही जाते आणि श्रमाचे मोलही मिळत नाही. तरीही नाममात्र मानधन हीच बहुतेक ठिकाणची रीत आहे.

आता स्वभावाकडे वळू. ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. वसतिगृहातल्या मुलांना जवळून ओळखणाऱ्या सहायकांना सांगितले, सर्वांत सहकारी वृत्तीची आणि सर्वांत मतलबी मुले निवडून द्या. मग त्या मुलांना एक खेळ दिला, ज्यात जोडीदाराला साथ द्यायची की फसवायचे हे दर फेरीला ठरवायचे असते. निम्म्यांना सांगितले की खेळाचे नाव 'कम्युनिटी गेम', निम्म्यांना 'वॉल स्ट्रीट गेम', म्हणजे अमेरिकेतल्या शेअरबाजाराच्या नावाचा खेळ. नियम तेच, बक्षीस तेच. पहिल्या नावाखाली सुमारे दोनतृतीयांश मुलांनी साथ दिली, दुसऱ्या नावाखाली सुमारे एकतृतीयांश. आणि सहकारी म्हणून निवडलेली मुले मतलबी म्हणून निवडलेल्यांपेक्षा वेगळी वागली नाहीत. एवढ्या जवळच्या माणसांना जे ओळखता आले नाही, ते तासाभराच्या प्रश्नावलीतून ओळखू असे नोकरभरती करणाऱ्यांनी कोणत्या आधारावर मानावे?

याचा अर्थ स्वभाव हा भ्रम आहे असा नाही. प्रामाणिकपणा आणि नम्रता यांचा जो गुणसमूह मानसशास्त्रज्ञ मोजतात, तो ज्याच्यात जास्त, तो माणूस कुणी पाहत नसतानाही आपला वाटा जरा अधिक देतो. मनमिळाऊपणा जास्त असलेला माणूस अन्याय झाला तरी सूड घ्यायला चटकन उठत नाही. शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले तरी हे संबंध दिसतात, पण ते क्षीण ते मध्यम ताकदीचे आहेत. एकदोन प्रसंगांवरून कुणावर शिक्का मारावा इतके बळ त्यांत नाही.

स्वभावाचा खरा जोर वेगळ्या ठिकाणी आहे. १९७० साली हॅरॉल्ड केली आणि अँथनी स्टहेल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी एक निरीक्षण मांडले, ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. सहकारी वृत्तीच्या माणसाला जगात दोन्ही प्रकारची माणसे दिसतात, साथ देणारी आणि न देणारी. चढाओढ करणाऱ्याला मात्र सगळे जग आपल्यासारखेच दिसते. आणि त्याचा अनुभवही त्याला तसेच सांगतो, कारण त्याच्याशी गाठ पडली की सहकारी माणूसही स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतो. "बघा, मी म्हणत नव्हतो?" असे तो म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. जो माणूस "लोकच तसे आहेत" असे ठामपणे म्हणतो, त्याच्याबद्दल मला म्हणूनच राग न येता काळजी वाटते. त्याने पाहिलेले जग त्यानेच थोडेफार घडवलेले असते. असा माणूस प्रमुखपदी बसला की त्याचा अंदाज सगळ्या संस्थेचा नियम होतो: हजेरी, देखरेख, दंड. ज्यांच्या मनात कधी चुकारपणा नव्हता त्यांनाही आपल्यावर संशय आहे हे कळते, आणि तीही माणसे मोजूनमापून वागू लागतात.

बहुतेक माणसे ना संत असतात, ना लबाड. ऊर्स फिशबाखर, सिमोन गेश्टर आणि एर्न्स्ट फेर यांनी २००१ साली ४४ जणांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सामायिक पेटीत किती वर्गणी टाकायची हे ज्याने त्याने ठरवायचे होते. निम्मी माणसे अशी निघाली की इतर देतात म्हणून आपणही देतात. सुमारे ३० टक्के काहीच न देणारी. अशा वर्गण्यांच्या खेळात पहिल्या फेरीत माणसे आपल्या जवळच्या रकमेच्या ४० ते ६० टक्के सामायिक पेटीत टाकतात, आणि फेऱ्या वाढतील तसा आकडा ओसरत जातो. कारण त्या निम्म्या माणसांनाही इतरांपेक्षा थोडे कमी देण्याची सवय असते. दर फेरीला थोडे कमी, मग समोरचाही थोडे कमी. कुणीही वाईट वागायचे ठरवलेले नसते, तरी शेवटी पेटी रिकामी राहते. ज्या मंडळांत पहिल्या वर्षी उत्साह असतो आणि तिसऱ्या वर्षी दोघेच उरतात, तिथे बहुतेकदा हेच झालेले असते. उरलेल्या दोघांना वाटते, बाकीचे स्वभावानेच आळशी.

ही घसरण थांबते कशी? एलिनॉर ऑस्ट्रम यांनी, ज्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, याचे उत्तर शेकडो वर्षे टिकलेल्या सामायिक कुरणांत आणि कालव्यांत शोधले. त्यांचे एक आवडते उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचे. तिथे १४८३ साली गावकऱ्यांनी डोंगरावरच्या कुरणांच्या आणि जंगलांच्या व्यवस्थेसाठी लेखी करार केला. १५१७ चा एक नियम सांगतो की हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून जास्त गाई कुणी कुरणात सोडायच्या नाहीत. नियम मोडणाऱ्याला दंड असे, आणि दंडातला अर्धा वाटा वसूल करणाऱ्याला मिळे. म्हणजे इथेही पैसा आहे, इथेही दंड आहे. हैफात दंडाने सहकार्य मोडले, ट्योर्बेलमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. दंडाची रक्कम हे त्याचे कारण मला वाटत नाही. ट्योर्बेलचा नियम तो पाळणाऱ्यांनीच मतदान करून केलेला होता, कुणाच्या किती गाई वर गेल्या हे सगळ्या गावाला दिसत होते, आणि दंड भरूनही जास्त गाई सोडण्याचा हक्क कुणाला विकत मिळत नव्हता. पाळणाघरात एके दिवशी भिंतीवर सूचना लागली, एवढेच.

ऑस्ट्रम, जेम्स वॉकर आणि रॉय गार्डनर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: खेळणाऱ्यांना फेऱ्यांच्या मध्ये नुसते एकमेकांशी बोलू दिले, तरी सहकार्य खूप वाढते. बोलण्याला पैसा लागत नाही आणि त्यासाठी कुणाचा स्वभावही बदलावा लागत नाही. समोरच्याबद्दलचा अंदाज मात्र बोलण्याने बदलतो, कारण तो आता अंदाज उरत नाही.

संस्था चालवणाऱ्यांकडे, शाळांकडे, धोरणे आखणाऱ्यांकडे माझे मागणे फार मोठे नाही. दंडाचा ठराव येणारच असेल तर येऊ द्या. पण त्याआधीच्या सभेत गेल्या वेळी कोण आले होते, त्यांनी किती तास दिले आणि त्यातून काय झाले, एवढे सगळ्यांना दिसेल असे फळ्यावर लिहून ठेवा. पगार द्यायला हवा असे काम कुणी विनामूल्य करत असेल, तर तो विषय आधी घ्या. आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे कुणाला तरी पाठवा, फोन करून भागवू नका. का आला नाहीत हे विचारल्यावर त्यांनाच विचारा की दंड असावा का, आणि असावा तर किती.